जाऊबाईची सही

नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले तेव्हा मी पहिल्यांदा बँकेत कर्जाच्या टेबलापुढे बसले. पलीकडची मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं माझं पॅन कार्ड घेतलं, आकडे टाइप केले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोअर वजा एक येतोय."

माझा चेहरा पडला असावा, कारण ती घाईनं म्हणाली, "वजा म्हणजे वाईट नाही. तुमच्या नावावर आजवर कधी कर्जच नव्हतं. त्यामुळे आम्हाला तुमच्याबद्दल काही माहीतच नाही."

"कर्ज नाही हे चांगलंच ना?"

"चांगलंच की. पण घेतलेलं तुम्ही वेळेवर फेडता, हे आम्हाला कळायचं कसं?"

मी एकावन्न वर्षांची. पदवी घेतलेली, ग्रंथपालाचा अभ्यासक्रम लग्नानंतर पत्रद्वारे पुरा केलेला. वाण्याची वही कधी महिन्यावर जाऊ दिली नाही. पण घर, जमीन, वीज, गॅस, दवाखान्याची बिलं, सगळं त्यांच्या नावावर होतं. त्यांच्याबरोबर माझ्याबद्दलची माहितीही गेली होती.

मला स्कूटर हवी होती. मंचरच्या एका महाविद्यालयात ग्रंथालयात जागा मिळाली होती, जूनपासून. आमचं घर पिंपळवंडीत, पण गावात नाही, मळ्यात. हायवेच्या फाट्यापर्यंत एसटीनं येता येतं. तिथून घरापर्यंत दोन किलोमीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना ऊस. दिवस मावळल्यावर त्या रस्त्यानं कुणी पायी येत नाही, बिबट्यामुळे. आमच्या शेजारच्या मळ्यातली दोन कालवडी त्या वर्षी गेल्या होत्या. प्राचार्यांनी दिवाळीपर्यंत मला चार वाजता सुटायची मुभा दिली होती. दिवाळीनंतर सहापर्यंत बसावं लागणार होतं. म्हणजे फाट्यावर लावायला गाडी नसेल, तर नोकरी दिवाळीपर्यंतच. आणि लेकीच्या शेवटच्या दोन वर्षांची फी त्या नोकरीवर होती. त्यांची मोटरसायकल दवाखान्यातल्या दिवसांतच विकली होती. माझ्या पाटल्याही तेव्हाच गेल्या. अवसरीच्या भावानं तेव्हा बरंच केलं होतं, पुन्हा त्याच्याकडे तोंड घेऊन जाणं शक्य नव्हतं.

"घरात दुसऱ्या कुणाचं खातं आहे का, चांगलं चाललेलं?" मुलीनं विचारलं.

होतं. माझ्या जावेचं. पण मी "नाही" म्हणाले.

धाकटी जाऊ सातवी शिकलेली. एकाच अंगणात आमची दोन घरं. तिच्याकडे चार म्हशी आहेत, बचत गट आहे आणि बोलणं मोठ्यानं आहे. फ्रीज हप्त्यावर, वैरण कापायची कडबाकुट्टी हप्त्यावर, मोबाइल हप्त्यावर. एक हप्ता संपला की ती अंगणात उभी राहून सांगायची, "सुटले बाई!" आणि पंधरा दिवसांत दुसरं काहीतरी घ्यायची. मी दारात पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि मनात म्हणायचे, हिला धीर कसा तो नाहीच.

आमच्या घरात हप्ता नव्हता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी पुस्तकांसाठी काचेचं कपाट हप्त्यानं घेऊ म्हटलं, तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "हप्ता घरात शिरला की निघायचं नाव घेत न्हाई." दोन वर्षं पैसे बाजूला टाकून त्यांनी कपाट आणलं, रोख. मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की कपाटापेक्षा मी तोच जास्त पुसत असेन.

आणि आता तिच्या फोनवर दिवसाआड फोन यायचे. कुठल्या तरी शहरातल्या मुली तिला कर्ज देण्यासाठी अजिजी करायच्या. ती शेण काढता काढता फोन खांद्याला दाबून म्हणायची, "नको म्हणलं ना बाई, माझ्याकडं लई हायेत. तुलाच घे." आणि हसायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. जगात कुणीतरी तिच्यावर इतका विश्वास ठेवतं आणि ती तो शेणाच्या पाटीबरोबर उकिरड्यावर टाकते, याचा मला हेवा वाटायचा. तिचा नवरा जिवंत असण्याचा हेवा मी कधी वाटू दिला नव्हता, तो फार उघडा दिसला असता. हा हेवा लहान होता, कुणाला दिसणारा नव्हता, म्हणून मी त्याला मुक्तपणे वाढू दिलं.

बँकेतल्या मुलीनं एक उपाय सांगितला होता. काहीतरी छोटं हप्त्यानं घ्या, सहा-आठ महिने न चुकता भरा, मग या. वैशाखात मी नारायणगावला मिक्सर घ्यायला गेले. जाऊ बरोबर आली. मी बोलावलं नव्हतं, तिला वैरणीच्या मशीनचं पातं घ्यायचं होतं. दुकानदार मला खुर्ची देऊन तिच्याशीच बोलू लागला.

"वहिनी, तुमचं तर मंजूरच असतंय. तुमच्या नावावर करू का? दोन मिनिटांत होईल."

"करा की," ती म्हणाली. "ताई, कशाला तुमी कागदं काढत बसता? हप्ता तुमी द्या मला."

"माझ्याच नावावर हवं," मी म्हणाले. जरा जास्तच कोरडं निघालं असावं. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. माझ्या कागदांना पाऊण तास लागला. तेवढ्यात जाऊ पातं घेऊन, रसवंतीवर जाऊन, माझ्यासाठीही एक ग्लास घेऊन आली. तो रस मी प्यायले, पण मला तो गोड लागला नाही.

जून, जुलै, ऑगस्ट. दर पाच तारखेला खात्यातून हप्ता जायचा आणि फोनवर निरोप यायचा. मी तो दोनदा वाचायचे. चार वाजता सुटून साडेपाचला फाट्यावर उतरायचे, उन्हं असेपर्यंत घर गाठायचे.

श्रावणात त्यांचं वर्षश्राद्ध आलं.

आमच्याकडे एक रीत आहे. वर्षश्राद्धाच्या आधी घरातलं सगळं देणं फेडायचं. वाण्याचं, दूधवाल्याचं, मजुरांचं, शेजाऱ्याकडून आणलेली साखरसुद्धा परत करायची. देणं ठेवून पितरांना वाढलं तर ते पानावरून उठतात, असं सासूबाई सांगायच्या. मी शिकलेली आहे, मी यावर विश्वास ठेवत नाही. तरी आदल्या आठवड्यात मी यादी केली आणि एकेक नाव खोडत गेले. शेवटी एकच ओळ राहिली: मिक्सर.

मला ती ओळ बघवेना. ज्या माणसानं जन्मात हप्ता घेतला नाही, त्याच्या पानात मी हप्त्याच्या मिक्सरवर वाटलेलं वाढणार होते. दुसऱ्या दिवशी मंचरहून येताना नारायणगावला उतरले, उरलेले पाचही हप्ते एकदम भरले आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र घेऊन आले. ते पत्र त्यांच्या फोटोजवळ ठेवलं. पंगत बसली, कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानी गेला माणूस. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं.

सहा महिने व्हायचे होते, पण सगळं फेडलंय म्हणजे चालेल असं वाटून गणपती झाल्यावर मी बँकेत गेले. मुलीनं बघितलं, पुन्हा बघितलं.

"मॅडम, हे बंद का केलंत?"

"देणं होतं. फेडलं."

"अहो, पण ते चालू राहायला हवं होतं. तीनच महिने झालेत. एवढ्यावर स्कोअर तयार होत नाही." तिनं पेन खाली ठेवलं. "आता पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर जामीनदार आणा. ज्यांचं रेकॉर्ड चांगलं आहे असं कुणी."

दिवाळीला सहा आठवडे उरले होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जाऊ गोठ्यात धार काढत होती, तिथे जाऊन उभी राहिले. विचारताना माझा आवाज ग्रंथालयात कुणाला दंड सांगावा तसा झाला होता.

"जामीन? त्यात काय एवढं, ताई?" ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकवूनच म्हणाली. "उद्या म्हणा. दादांनी नव्हती का केली माझ्या पहिल्या म्हशीला?" माझ्या नवऱ्याला ती दादा म्हणायची.

"काय केली?"

"सही. जामीन व्हते की माझे." धारेचा आवाज थांबला नव्हता. "आठ वर्षं झाली. ह्यांचा तर बँकेत कागूदच न्हवता धड. दादा म्हणाले, चल, मी हाय. तुमी तवा अवसरीला गेल्या व्हत्या, भावाच्या पोरीच्या बारशाला. तिथनंच सुरू झालं बघा माझं समदं."

मी विचारलं, "मला सांगू नको म्हणाले होते?"

आता तिनं वर बघितलं. "न्हाई बा. कशाला म्हणतील? राहिलं असंल सांगायचं."

मी घरात आले आणि कपाटाला टेकून बसले.

त्यांनी लपवलं असतं तर बरं झालं असतं. लपवण्यात माझी काहीतरी किंमत तरी होती: हिला कळलं तर हिला लागेल. पण त्यांनी लपवलंच नव्हतं. सांगायचं राहून गेलं होतं, जसं एखादा बल्ब बदलल्याचं सांगायचं राहतं. आमच्या घरात हप्ता शिरू न देणारा माणूस माझ्या जावेबरोबर बँकेत जाऊन बसला होता, तिच्यासाठी आपलं नाव पणाला लावून आला होता, आणि संध्याकाळी मी अवसरीहून आल्यावर त्यानं मला विचारलं असेल, बारसं कसं झालं. त्या एका सहीवर तिचं नाव उभं राहिलं, चार म्हशी उभ्या राहिल्या. मला त्यांनी कपाट दिलं. बावीस वर्षं मी त्या कपाटाला माझ्यावरचा विश्वास समजत होते.

गेलेल्या माणसाचा मत्सर करता येत नाही, त्याच्यावर रागावताही येत नाही धड. मग सगळं तिच्यावर गेलं. आठ दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. ती रोज सकाळी उंबऱ्यात दुधाचं भांडं ठेवून विचारायची, "ताई, कधी जायचं बँकेत?" आणि मी म्हणायचे, "बघू." तिची सही मला नको होती. ती सही म्हणजे त्यांचीच सही होती, तिच्या हातून फिरून आलेली, आणि मला ती उष्टी वाटत होती.

नवव्या दिवशी ती आत येऊन सरळ खुर्चीत बसली. पदरानं हात पुसले.

"ताई, तुमाला राग आलाय."

"कसला राग?"

"मला काय माहीत कसला. पर आलाय. बोला की."

मी म्हणाले, "मला कधी नेलं नाही त्यांनी."

मग ती म्हणाली, "तुमी कपाटावरनं एकदा तोंड उघाडलं, त्यांनी न्हाई म्हणलं, तुमी गप बसल्या. मी काय गप बसते व्हय? मी चार दिस मागं लागले व्हते त्यांच्या. शेवटी तरास नको म्हणून आले ते." आणि खुर्चीतून उठत, "रागवा हवं तर. पर आदी सही घ्या. दिवाळीनंतर त्या उसातनं चालत येणार काय तुमी? मला काय झोप लागंल?"

मला तिचं म्हणणं पटलं नाही. मागून मिळालेलं आणि न मागता मिळालेलं यात फरक असतो, आणि मला न मागता हवं होतं. पण पोरीची फी डिसेंबरात भरायची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. फॉर्मवर कर्जदाराशी नातं काय असं होतं. मुलगी लिहू लागली, तशी जाऊ म्हणाली, "बहीण लिवा." मी म्हणाले, "जाऊ लिहा. खरं तेच लिहावं." जाऊ हसली. तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली, रेष ओढली आणि पेन माझ्या हातात दिलं.

दिवाळीच्या आधी स्कूटर आली. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी मी सहाला सुटले, फाट्यावर उतरले तेव्हा पूर्ण अंधार होता. दिव्याच्या उजेडात रस्ता आणि उसाची पानं तेवढी दिसत होती. हँडल घट्ट धरून, पहिल्यांदा हॉर्न वाजवत वाजवत मी घरी आले. नोकरी राहिली. लेकीची फी भरली.

हप्ता मात्र या खेपेला एकही आधी भरला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी फोनवर बघितलं, तर वजा एक गेला होता आणि तिथे आकडा आला होता. सातशेच्या थोडा अलीकडे. मी तशीच अंगणात गेले आणि जावेला विचारलं, "तुझा किती आहे गं?"

ती लसूण निवडत होती. "कितीय की. कधी बघितला न्हाई. मागितलं की देत्यात, बघायचं कशाला?"

तिच्या सगळ्या गोष्टींत मला या न बघण्याचा सर्वांत जास्त हेवा वाटला.

मी परत आत आले. हा आकडा ज्यांना दाखवावासा वाटत होता, त्यांनी तो बघून आधी विचारलं असतं, कर्ज काढलंसच कशाला? मग मी विचारलं असतं, तिला सही दिली ती? मग ते म्हणाले असते, तू मागितलीस कधी? आणि मी या खेपेला गप्प बसले नसते. आमचं चांगलं भांडण झालं असतं, दोन दिवस चाललं असतं. नवरा-बायकोत व्हायला हवं होतं ते एक भांडण आमचं राहून गेलं. मी फोन बंद केला आणि दुसऱ्या दिवशीचा डबा भरायला उठले.