भरून दिलेली टाकी

आमच्या आठ घरांनी मिळून घेतलेल्या गवत कापायच्या मशीनचं इंजिन चार दिवाळ्यांमागे जाम झालं. ते माझ्यामुळे झालं. गावात आजही दुसऱ्याचं नाव घेतात, आणि ते मी घेऊ दिलं.

भोरच्या कचेरीत कारकुनी करून मी वेल्ह्याकडच्या गावी परत आलो, तेव्हा मशीनची निगा कशी ठेवायची हे सगळ्यांना मीच शिकवलं. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, प्लग तारेच्या ब्रशने घासायचा, पात्याच्या डोक्यात ग्रीस भरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याशिवाय टाकी भरायची नाही, नाहीतर इंजिन आतून घासून जाम होतं. कोणी चुकलं की मी चारचौघांत पाणउतारा करायचो. तो अधिकार मला आवडायचा.

एक रीत मात्र बायकांकडून आली. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. तसं मशीनही रिकामं द्यायचं नाही, पुढच्या घराला टाकी भरूनच द्यायची.

त्या वर्षी माझ्यानंतरची पाळी वरच्या वाडीवरच्या माणसाची होती. शेळ्या-गाई राखणारा, कमी बोलणारा. आमचं पटत नव्हतं. आदल्या दिवशी माझ्याकडचं ऑइल संपलं होतं. कापूरहोळला जायचा कंटाळा केला, स्कूटरमधून नळीने पेट्रोल काढलं आणि नुसतंच टाकीत ओतलं. न्यायला आला की सांगू, ऑइल टाकून घे, असं ठरवलं होतं.

सकाळी त्याच्या शेळ्यांनी माझी आंब्याची सात कलमं बुडापर्यंत खाल्ली. तासाभराने तो मशीन न्यायला आला. मी आतच बसून राहिलो. सुनेला म्हटलं, "ओटीवर आहे म्हणावं, घेऊन जा."

विसरलो, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. तो मशीन खांद्यावर टाकून बांध चढत होता, ते मी खिडकीतून पाहत होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

पाव तासात इंजिन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यासकट आम्ही पाच-सहा जण ते घेऊन कापूरहोळच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रीने खोलून पिस्टन हातात दिला. त्यावर नखांनी ओरबाडल्यासारख्या उभ्या रेघा होत्या.

"ह्यात ऑइलचा थेंब न्हाई," मिस्त्री म्हणाला. "शेवटी पेट्रोल कुनी भरलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी मिसळूनच दिलं होतं. ह्याने वरून नुसतं पेट्रोल भरलं असणार."

"म्या न्हाई भरलं," तो म्हणाला. "टाकी भरून आली व्हती. अर्धी बी सरली न्हाई. वरनं कशापायी भरू?"

"शेळ्या हाकणाऱ्याच्या हाती मशीन दिलं की असंच व्हायचं," मी म्हणालो.

सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा. वाडीवरचा तो एकटा एसटीने परत गेला.

नवा पिस्टन घालून मशीन आलं, पण त्याला पुन्हा द्यायचं नाही असं ठरलं. ठरावाला पहिला हात माझा होता. त्या नवरा-बायकोनं विळ्यानं जमेल तेवढं गवत कापलं. उरलेलं डोंगरावर वाळून गेलं. वैरण पुरेना म्हणून उन्हाळ्याआधी त्यानं दोन गाई विकल्या.

गेल्या पंधरवड्यात मी त्याच्या वाडीवर गेलो. तो शेळ्यांना पाला टाकत होता. सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"आज का सांगताय, भाऊसाहेब?"

"वय झालं आता."

"माजं बी झालं. पन मला कुनाला असलं काय सांगायचं न्हाई."

त्यानं पाल्याची पुढची फांदी शेळ्यांपुढे टाकली.

"मला तवाच ठावं व्हतं," तो म्हणाला. "बंद पडल्यावर टोपनात पेट्रोल घेऊन बघितलं. ऑइलचा रंगच न्हाई. मला सांगून काय उपेग? ज्यांच्याम्होरं बोललात, त्यांच्याम्होरं बोला."

मी म्हणालो, बोलायला लागलो की माझी जीभ आपोआप माझ्या बाजूला वळते. ते खरंच आहे.

"मग लिवा. लिवायचीच तर नोकरी व्हती तुमची."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती तांब्या घेऊन आत गेली.

मी निघताना विचारलं, बाकीच्या घरांनी कबूल केलं, तर मशीन घेशील का?

"घेईन. माज्या पाळीचं हाय. पन रिकामं आना. तुमच्या हातचं भरलेलं मला नको."

म्हणून हे लिहिलं. रविवारी देवळात सगळी घरं बसतील, तेव्हा कागदात बघूनच वाचीन, मध्ये एक शब्द घालणार नाही. त्याला निरोप धाडला होता. येत न्हाई म्हणाला, मला ठावं हाय त्ये काय ऐकायचं.

मशीन सध्या माझ्याकडे आहे. आज फिल्टर धुतला, प्लग घासला. मग मशीन उलटं धरून टाकी शेवटच्या थेंबापर्यंत ओतून टाकली.