तात्यांच्या घरातला दुसरा डफ

‘शोधलं म्हंजी? आमी हरावलो व्हतो व्हय?’

तात्या माझ्याशी धड बोलले ते हे पहिलं वाक्य, आणि ते मला चांगलंच झोंबलं होतं.

सांगलीत आमच्या पेठेतल्या मंडळींनी रस्त्यावरचा महोत्सव भरवायला सुरुवात केली, त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. दोन दिवस रस्ता बंद, दोन्ही अंगांना खाण्याचे स्टॉल आणि टोकाला लोककलेचा मंच. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई म्हणून समितीत माझं नाव कुणी न विचारताच पडलं. हिंडता हिंडता विट्याकडच्या बायकांच्या स्टॉलपाशी थांबले. त्या हुलग्याचं माडगं विकत होत्या. हुलग्याचं पीठ, गूळ, सुंठ घालून शिजवलेलं गरम, पातळ माडगं. आमच्या घरी हळद-गुळाचा व्यापार, चार पिढ्या याच गावात गेल्या, आणि हा पदार्थ मी आयुष्यात तोंडाला लावला नव्हता. चमच्यानं खायला लागले, तर स्टॉलमागे पोत्यावर बसलेला ताठ पाठीचा म्हातारा म्हणाला, ‘चमचा ठिवा बाई, वाटी तोंडाला लावा.’ मग त्यानं मांडीवरचा डफ उचलला आणि स्वतःशीच म्हणावं तसं काहीतरी म्हणायला लागला. मी वाटी धरून तशीच उभी. असला आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. जाड, कोरडा, आणि प्रत्येक शब्द स्वच्छ.

मी जाऊन समितीच्या लोकांना ओढून आणलं आणि म्हटलं, ‘बघा, मी कलाकार शोधलाय.’ त्यावर तात्यांचं ते वाक्य.

तात्या पलटणीतून सुटून आलेले. अर्धं आयुष्य सरहद्दीवर काढलं, पण सुट्टीवर आले की बॅग ओट्यावर टाकायची आणि डफ घेऊन बाहेर पडायचं. ते भेदिक म्हणायचे. मराठीच्या बाईला भेदिक म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं, याची मला लाज वाटली आणि त्यांनी ती वाटू दिली. भेदिकाला दोन बाजू लागतात, तुरेवाले आणि कलगीवाले. एकानं डफावर कोड्यासारखा सवाल घालायचा, दुसऱ्यानं गाऊन त्याचं उत्तर द्यायचं. ‘एकट्याचं भजान आसतं,’ तात्या म्हणायचे. ‘भेदिकाला म्होरं वैरी लागतो. आनि त्यो बी तोलाचा.’

तात्यांचा वैरी होता पलूसकडचा आप्पा. चाळीस वर्षं दोघं जत्रांतून समोरासमोर उभे राहिले. मंचावर एकमेकांची अब्रू काढायची आणि खाली उतरलं की एका ताटात जेवायचं.

मी पहिल्यांदा तात्यांच्या घरी गेले तेव्हा भिंतीवर दोन डफ दिसले. एक वापरून काळा झालेला, दुसरा पांढऱ्या फडक्यात बांधलेला. विचारलं, तर तात्यांनी आधी सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाले, ‘त्यो आप्पाचा.’

भेदिकाची रीत अशी, की सवालाचं उत्तर आलं नाही तर हरलेल्यानं आपला डफ जिंकलेल्याच्या हवाली करायचा. उत्तर देऊन तो परत घेईपर्यंत पुन्हा मंचावर सवाल घालायचा नाही. तात्यांनी एका जत्रेत घातलेला सवाल आप्पांना सुटला नव्हता. तो सवाल मी वहीत उतरून घेतलाय:

आई जन्मली लेकीच्या पाठी,
बाप जन्मला पाळण्यात,
तीन घरांची एकच चूल,
सांग गड्या, कोण्या गावात?

आप्पांनी त्याच रात्री डफ दिला. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि तात्यांनाही नाही. समोर उभं राहणारा दुसरा कुणी उरलाच नव्हता. ‘जिकलो आनि मुका झालो,’ तात्या म्हणाले. मी शहाणपणानं म्हटलं, मग देऊन टाका ना डफ परत. तात्या माझ्याकडे असे बघत राहिले, की मला माझंच वाक्य गिळावंसं वाटलं. ‘भीक म्हनून दिऊ? आप्पाला?’

पुढच्या वर्षी आप्पांचा निरोप आला. ‘त्याला सांगा, उत्तर गावलंय.’ तात्यांना एवढं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच. त्यांनी आप्पांच्या डफाला नवं कातडं चढवून आणलं. मला सतरा वेळा फोन. ‘बाई, आप्पाचा दमा लय वाढलाय. त्याला खुर्ची ठिवा. आनि उत्तर चारचौघांत झालं पायजे, घरात दिल्यालं चालत न्हाई.’ चारचौघं कुठून आणायची, तर आमचा महोत्सव होताच. मी दोघांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत घातलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आता माझं सांगते. शाळेत वक्तृत्व स्पर्धा असली की वेळेची घंटा माझ्याकडे. सात मिनिटांना एक, आठला दोन. आठ म्हणजे आठ, मग संस्थाचालकांचा नातू का बोलत असेना. या माझ्या कडकपणाचा मला अभिमान होता. महोत्सवात कार्यक्रम रेंगाळतात अशी तक्रार आली होती, म्हणून समितीनं तीच घंटा माझ्या हाती दिली. पाहुणे यायचे होते.

संध्याकाळी तात्यांनी उभं राहून तो जुना सवाल पुन्हा घातला आणि फडक्यातला डफ मांडीवर घेऊन बसले. आप्पा खुर्ची नको म्हणाले, उभे राहिले. हाती डफ नाही, म्हणून मांडीवर ताल धरून त्यांनी सुरुवात केली ती गणाची. आधी गणपती, मग गुरू, मग गुरूचा गुरू, मग ज्या गावात उभं राहिलो त्या गावची देवी. याशिवाय उत्तराला हात घालायचा नाही, ही रीत तात्यांनी मला सांगितली होती. गणाला किती वेळ लागतो, हे मी विचारलं नव्हतं. आणि आप्पांना दर ओळीला थांबून श्वास घ्यावा लागत होता.

सात मिनिटं झाली. मी घंटा वाजवली. त्यांनी तेव्हा कुठे उत्तर धरलं. दोन ओळी, चार ओळी. पाहुण्यांची गाडी आल्याचं कुणीतरी कानात सांगितलं. आठ मिनिटं झाली.

मी वाजवली. दोन वेळा. कुणी माझा हात धरला नव्हता. समितीवर ढकलता येईल, पण ते खोटं होईल.

आप्पांचा आवाज तुटला. त्यांनी हात जोडले आणि पायरी उतरले. ‘आप्पा, उतरू नगंस, म्हन!’ असं तात्या ओरडले, पण तोवर निवेदकानं माईक घेऊन पाहुण्यांचं स्वागत सुरू केलं होतं. अर्ध्यावर उतरला तो हरला, अशी रीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण काय ऐकलं, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. मी दोघांना शाल, नारळ आणि जेवणाची कुपनं दिली. वर तात्यांना विचारलं, ‘छान झाला ना कार्यक्रम?’

‘टायमात झाला,’ तात्या म्हणाले, आणि डफाला फडकं बांधायला लागले. कुपनं त्यांनी खुर्चीवरच ठेवली.

आप्पा ती दिवाळी पाहायला राहिले नाहीत. तात्या त्यांच्या मातीला गेले, पण डफ नेला नाही. जिवंतपणी परत मिळाला नाही तो सरणापाशी ठेवणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं तो भिंतीवर लावायला मागितला, गावरान थाळीच्या बोर्डाशेजारी म्हणे शोभून दिसेल. तात्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मी गेले तेव्हा मात्र चहा विचारला, तोही सुनेकडून. मी माफी मागितली. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग मी वही काढली. माझी खोड जात नाही. म्हटलं, ‘तात्या, निदान सवालाचं उत्तर सांगा, लिहून ठेवते. नाहीतर तुमच्याबरोबर जाईल.’

‘जाऊ द्या की,’ तात्या म्हणाले. ‘म्या सांगितलं म्हंजी आप्पा हरला. कायमचा. त्ये काम माज्याच्यानं न्हाई व्हायचं.’

तात्या यंदा चैत्रात गेले, आणि उत्तर सांगून गेले नाहीत. सून म्हणते दोन्ही डफ घेऊन जा, बाई, घरात जागा नाही. मी अजून गेलेली नाही. कारण त्या दिवशी मी वही मिटून उठले तेव्हा तात्या दारापर्यंत आले होते, आणि मी चप्पल घालत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाले होते, ‘बरुबर चालला व्हता त्यो. दोनच वळी ऱ्हायल्या व्हत्या.’