जाणकार माणसाचा पत्ता

अकोल्यात एप्रिलमध्ये सकाळी सातलाच टिनाचं छत तापायला लागतं. म्हणून धर्मेंद्र सोल्डरिंगचं काम उजाडताच उरकून घेतो. पंखाही लावत नाही. वाऱ्यानं टाका नीट बसत नाही.

दुकानांचे एलईडी बोर्ड तो वीस वर्षांपासून करतो. त्याला खांबाभोवती गुंडाळता येईल असा बोर्ड करायचा होता. वाकवला की टाके तुटायचे, दिवे मरायचे. सहा वर्षं हेच. बायको संध्या बोर्डाचं दुसरं टोक धरून बसायची, भाजी निवडता निवडता. शेवटी त्यानं बोर्डाच्या बोटभर पट्ट्या कापून ताडपत्रीवर शिवल्या अन् दोन पट्ट्यांमधली तार ढिली सोडली. बोर्ड वळला. एकही दिवा गेला नाही.

संध्या म्हणाली, "एवढुसंच होतं काय जी?"

दोघं पोट धरून हसले होते.

पेटंटचा अर्ज फेटाळताना कचेरीनंही तेच लिहिलं. पट्ट्या कापणं जुनं, कापडावर दिवे शिवणंही जुनं. दोन्ही जोडणं या धंद्यातल्या कोणत्याही जाणकार माणसाला सहज सुचलं असतं. तोवर संध्या गेली होती. धर्मेंद्रनं हायकोर्टात अपील केलं. नागपूरच्या वकीलबाई प्रतीक्षा यांनी विचारलं, सहज नव्हतं हे दाखवायला तुटलेले बोर्ड आहेत का? नव्हते. संध्याच्या तेरवीनंतर घर झाडलं, तेव्हा पोतंभर तुकडे त्यानं भंगारात दिले होते. कोणी पाहिलं असेल तर सांगा, बाई म्हणाल्या. पाहणारी एकच होती.

आज नऊला त्यांचा फोन आला. अपील फेटाळलं. निकालात पुन्हा तोच जाणकार माणूस होता.

 धर्मेंद्र म्हणाला, "मॅडम, त्या माणसाचा पत्ता भेटते काय?"

"काका, तो खरा नसतो. कायद्यानं गृहीत धरलेला असतो."

"तसं काय. मले वाटलं, असन कोनी. सहा वर्सं त्याच्याशी बोलाले भेटलं असतं तं बरं झालं असतं. आता तं घरात बोलाले कोनीच नाही."

 पुढच्या अपिलाचं बाईंनी हळूच विचारलं. तो नको म्हणाला.

मोर्शीच्या एका कापड दुकानाचा बोर्ड दुपारपर्यंत द्यायचा होता. धर्मेंद्रनं ताडपत्री फरशीवर पसरली. दुसरं टोक सारखं गुंडाळून येत होतं. त्यानं अंगणातली वीट आणून त्यावर ठेवली, अन् सुई ओवली.