चार बोटांवर थांबलेली पट्टी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आधी थट्टा करणार आणि मग उठून जाणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आज सांगतो... आता सत्तरी उलटली, मनात किती दिवस ठेवू?

निजामाच्या अमदानीतली अखेरची वर्षं. हैदराबादचे एक डॉक्टर नळदुर्गच्या डाकबंगल्यात उतरले होते. शिंदी पिणाऱ्या ड्रायव्हरांचं डोकं आणि हात किती चालतात, हा त्यांचा अभ्यास. मला उर्दू लिहिता येई, म्हणून नोंदी माझ्याकडं. परीक्षा सोपी — ड्रायव्हरनं अंगठा आणि बोट उघडं धरायचं, मी वरून लाकडी पट्टी सोडायची, त्यानं ती पकडायची. किती घसरली ते खुणांवर बघायचं. अट एकच: सकाळी न पिता यायचं.

माझा थोरला भाऊ अण्णा उस्मानाबादपर्यंत लॉरी चालवायचा. देवमाणूस, पण शिंदीशिवाय त्याचा दिवस उजाडत नसे. परीक्षेच्या सकाळी त्याला विडी पेटवता येईना, इतके हात थरथरत होते.

"मल्लू, न्हाय जमायचं रं. नापास झालो तर मालक लॉरीवरून उतरवतोय. तुझ्या वैनीला काय सांगू?"

मी अतिशहाणा! मागच्या दारानं तांब्याभर शिंदी आणून दिली, वर चघळायला बडीशेप. थोड्या वेळात हात स्थिर. पट्टी चार बोटं घसरली तोच त्यानं धरली. मी लिहिलं, 'न पिता. हात उत्तम.' अण्णा मला डोळा मारून गेला.

तिसऱ्या दिवशी तुळजापूरच्या घाटात लॉरी उलटली. भरदुपारी, मोकळ्या रस्त्यावर. आत अण्णा एकटाच होता, आणि शिंदीचा वास येत होता म्हणे. परीक्षेच्या सकाळची गोष्ट मी लपवली. वैनीकडं बघायची हिंमत होत नव्हती.

पुढच्या आठवड्यात कामावर गेलो. समोर नवा ड्रायव्हर, त्यानं अजून हातही पुढं केला नव्हता. माझ्या घामेजल्या बोटांतून पट्टी निसटली... आणि खाली पडलीच नाही. चार बोटं घसरून हवेत थांबली. थरथरत — अण्णाची विडी थरथरत होती तशीच.

"आई भवानी!" म्हणत ड्रायव्हर मागं सरला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"साहेब, अण्णाला म्याच पाजली होती," मी रडत म्हणालो. "नोंद खोटी हाय."

तेव्हा पट्टी पडली.

डॉक्टरांनी माझ्याकडून खरी नोंद लिहून घेतली. दुःखात भास होतात, म्हणाले. मग तो भास त्यांना आणि ड्रायव्हरला कसा झाला? खिडक्या बंद होत्या, वारा नव्हता.

अण्णा रागानं आला असेल, असं मला वाटत नाही. पण हवेतली ती पट्टी, हात थरथरत असतानाही, त्यानं चार बोटांवरच धरली होती. त्या सकाळी माझ्या शिंदीची त्याला गरजच नव्हती.