आत्याच्या डोळ्यात मी पाठवलेले थेंब

गणपतीच्या आधीचा सोमवार होता. सोलापुरात डोळ्यांची साथ जोरात होती आणि माझ्या मेडिकलमध्ये सकाळपासून काळे गॉगल घातलेली माणसं येत होती.

अकराच्या सुमारास आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. श्रीपूरजवळ तिची उसाची शेती आहे. "वैशू, डोळा लालभडक झालाय बघ. खुपतंय लई. कायतरी दे की."

मी म्हटलं, फोटो पाठव. फोटो आला... उजवा डोळा लाल, पापणी सुजलेली. अशा पंधरा जणांना मी सकाळपासून पाहिलं होतं. तिचे यजमान, आमचे मामा, त्या दिवशी कामासाठी सोलापुरातच होते. त्यांच्या हातात थेंबांची बाटली दिली आणि दिवसातून चार वेळा घालायला सांगितलं.

त्या थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉईड होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं, हे मला माहीत होतं. घरचंच माणूस आहे, म्हणून दिलं.

दोन दिवसांनी आत्याचा फोन आला, लाली उतरली म्हणून. मी विषय विसरून गेले.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती मामांबरोबर थेट दुकानात आली. उजव्या डोळ्यावर पदर धरलेला. पदर बाजूला केला तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला... ज्वारीच्या दाण्याएवढा. उजेड सहन होत नव्हता तिला.

मी शटर ओढलं आणि रिक्षा करून तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडम साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आत्याची हनुवटी मशीनवर टेकवली, बराच वेळ पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, डोळ्याला काही लागलं होतं का?"

"व्हय. उसाचं पाचट काढताना पान लागलं. सर्रकन गेलं डोळ्यावरनं."

हा प्रश्न मी फोनवर विचारला नव्हता. विचारायला दहा सेकंदही लागले नसते...

"मग औषध काय घातलं? कुणी दिलं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गावातनंच घेतलं की, मॅडम. नाव न्हाय आठवत."

मॅडम लिहू लागल्या. मामा जमिनीकडे बघत होते. आणि मी... मी गप्प बसले. माझं लायसन्स, माझं दुकान, गल्लीतली लोकं, एवढं सगळं त्या वेळात डोक्यात येऊन गेलं. आत्याच्या डोळ्याचा विचार मात्र आला नाही.

मॅडमनी पान उलटलं तेव्हा मी बोलले. "थेंब मी दिले, मॅडम. माझं मेडिकल आहे." आणि थेंबांचं नाव सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. स्टेरॉईड आजच्या आज बंद."

मग डोळा बधिर करून जखमेचा थोडा भाग खरवडून तपासायला घेतला. बुरशी निघाली.

नंतर त्यांनी मला नीट समजावलं. लाल डोळा हा एकच आजार नसतो. साथीचा डोळा बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. ॲलर्जीचं औषध निराळं, डोळ्यातला दाब वाढला तर त्याचे उपचार निराळे. पान, काडी, भुसा लागून बुबुळावर जखम झाली तर तिथं बुरशी धरू शकते. स्टेरॉईडनं वरची लाली जाते आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. आत्याचं नेमकं तेच झालं होतं.

बुरशीवरचे थेंब सुरुवातीला दर तासाला घालायचे होते. आत्या माझ्याकडेच राहिली. मी मोबाइलवर अलार्म लावले, दुकान अर्धवेळ चालवलं. चौथ्या दिवशी दुखणं कमी झालं. पण ठिपका हटायला दोन महिने गेले... पुरता हटला नाहीच. व्रण राहिला.

आता त्या डोळ्यानं तिला धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. पुढे बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया करता येईल, असं मॅडम म्हणाल्या. आत्या म्हणते, "बघू. ऊस जाऊ दे आधी."

खोटं का बोललीस, हे मी तिला एकदा विचारलं. ती भाजी निवडत होती. "तुझं दुकान बंद पडलं असतं तर माझा डोळा बरा व्हणार हुता का?" एवढंच बोलली आणि परत निवडायला लागली.

आता लाल डोळा घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, काही लागलं होतं का? आणि चिठ्ठीशिवाय थेंब देत नाही. काही गिऱ्हाइकं चिडून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत.

परवा तिच्या गावात एका लग्नाला गेले होते. आत्या चार बायकांना माझी ओळख करून देत होती. "ही माझी भाची. हिनंच वेळेवर दवाखान्यात नेलं, म्हणून डोळा वाचला बघा." बायका कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या आणि मी हसून मान हलवली.

तिथं मी परत गप्प बसले... म्हणून जे खरं घडलं, ते इथं लिहिलं.