बापाच्या हयातीत काढलेली मिशी

माझी शाळा मराठी तिसरीपर्यंत. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक ते माझ्यामागं कुजबुजत सांगतात आणि मला कुजबुज आवडत नाही. मार्गासनीला बापाशी पटेना म्हणून मी भोरला आलो आणि नाटक कंपन्यांच्या जाहिराती वाटायचं काम धरलं. दिवसा बैलगाडीत वाजंत्र्यांशेजारी बसून गावभर कागद वाटायचे आणि खेळ सुरू झाला की मांडवाच्या दाराशी उभं राहून बघायचं.

एकदा एका कंपनीनं इतका ढिसाळ खेळ केला की माझं डोकं फिरलं. राजा रणात मरून पडला होता, तरी डास चावला म्हणून स्वतःच्या मांडीवर चापट मारत होता. मी ते जसंच्या तसं लिहून पुण्याच्या एका साप्ताहिकाला पाठवलं. संपादकसाहेबांनी छापलं, वर निरोप धाडला, ‘शुद्धलेखन आम्ही बघू, तुम्ही नाटक बघा.’ त्यांना मी आयुष्यात फार थोड्या वेळा भेटलो, पण त्या एका वाक्यावर माझा सगळा जन्म निघाला. देव त्यांचं भलं करो.

भोरच्या कचेरीतले कारकून मला बघून हसायचे. “काय पाटील, या आठवड्यात नांगर कुणावर?”

“जे पडीक दिसंल त्याच्यावर,” मी म्हणायचो.

मला त्यांची पर्वा नव्हती. नाटकाचं तिकीट मी माझ्या पैशानं काढायचो, नाटकवाल्याचा चहासुद्धा घ्यायचो नाही. त्यामुळं कुणाला भ्यायची वेळ आली नाही.

त्या काळात बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे. त्यात एक मास्तर फार गाजलेले होते. पुण्यातल्या शिकलेल्या बायका त्यांच्यासारखा अंबाडा घालायच्या, असं सगळेच सांगत. त्यांचा खेळ भोरला लागला, तेव्हा सगळ्या पेपरांनी स्तुती केली. मीही केली, पण शेवटी लिहिलं, ‘राजकन्या महालात चालते, पण पाऊल बांधावरचं पडतं. एका पावलासमोर दुसरं असं जपून टाकायची सवय भातखाचरांच्या बांधावरून चालणाऱ्याला असते, राजकन्येला नसते.’

दुसऱ्या मुक्कामाला त्यांनी मला बोलावून घेतलं. मी भांडायच्या तयारीनंच गेलो. ते खोबरेल लावून तोंडाचा रंग काढत बसले होते.

“हे तुमी लिवलं?”

“मीच.”

“गाव कुठलं?”

“मार्गासनी.”

ते हसले. “तरीच वळखलं. मी पासलीचा, तुमच्याच बाजूचा. कंपनीत कुणाला ठाऊक न्हाई.”

असा आमचा स्नेह जुळला. पुढं बोलपट आले, बायकांची कामं बायका करू लागल्या, कंपन्या बसल्या. मास्तर भोरला दोन खोल्या घेऊन राहायला आले. एक दिवस मला म्हणाले, “माझं चरित्र लिवा.”

मी म्हटलं, “पुण्यात बी. ए. झालेले ढिगानं हायेत.”

“त्यांनी माझा अंबाडा बघितला. तुमी पाय बघितलं.” मग म्हणाले, “पर एक अट. पहिलं परकरण माझ्या बापाच्या तोंडचं पायजे. ते मिळालं न्हाई तर पुस्तकच नगं.”

“मग जा की बापाकडं.”

“मला तिथं जाता येत न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडं बाप जिवंत असेतोवर मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. लावला की समजायचं, बाप गेला. मास्तर कंपनीत गेले ते पोरवयात. मिशी फुटल्यावर कंपनीच्या मालकानं ती काढायला लावली. बाईच्या तोंडावर मिशी कशी चालेल? तशा सफाचट तोंडानं ते एकदा सुगीत घरी निघाले. वाटेत वेल्ह्याच्या बाजारात गाववाल्यानं बघितलं आणि हे घरी पोचायच्या आतच वार्ता पासलीत पोचली, म्हातारा गेला. पाहुणे दुखवट्याला आले. बायकांनी गावाच्या शिवेवरच गळा काढला. आणि म्हातारा खळ्यावर भात झोडत होता.

“आबांनी मला सगळ्या पाहुण्यांदेखत बाहेर काढलं,” मास्तर म्हणाले. “म्हनलं, ‘मी जित्ता हाय तंवर ह्या दारात पाय ठेवू नगंस.’ आता ते लई थकलेत म्हणं. उद्या खरंच काय झालं, तर लोक मला बलवायला तरी येत्याल का?”

गेले काही महिने ते मिशी राखत होते. माणूस पुण्याला दिसेनासा झाला होता, तो त्या मिशीमुळं. पण घरी जायचा धीर होत नव्हता. मी म्हटलं, मी जातो.

दिवाळी झाली होती, भातं कापणीला आली होती. वेल्ह्यापासून पायी पासलीला गेलो. म्हातारा खाचरात होता. मला बघून म्हणाला, “तलाठ्याचा माणूस काय तू?”

“न्हाई आबा. मी लिवणारा हाय.”

“मग तलाठ्याचाच की.”

मास्तरांचं नाव काढल्याबरोबर त्यानं पाठ फिरवली. मला पाठ फिरवलेली माणसं सवयीची आहेत. मी धोतर खोचलं, बांधावरचा विळा उचलला आणि त्याच्या शेजारची ओळ धरली. दुपारपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. माझा हट्ट त्याच्यापेक्षा कमी नव्हता.

भाकरी खाताना त्यानं तोंड उघडलं. “लिवणाऱ्याला विळा धरता येतो व्हय?”

“आधी विळाच धरला, आबा.”

“काय लिवनार त्याच्यावर?”

“तुमी सांगाल ते. त्या दिसाचं सांगा.”

मला वाटलं, आता शिव्या देईल. तो हसायला लागला. दात नव्हते, सगळं तोंड हसलं.

“तुला सांगतो, मनातलं हे कुणाला सांगितलेलं न्हाई. माझा धाकला भाऊ, त्यो बघ पल्याडच्या खाचरात. बांधावरनं आमचं वाकडं हुतं. कैक सुग्या बोलणं न्हाई, येणं-जाणं न्हाई. त्या दिशी पोर पोचायच्या आदी समद्यात मोठ्यानं कोण रडत आलं ठाव हाय? त्यो! माझ्या दारात पडून म्हनतोय, ‘दादा, बांध तुझा, समदं शेत तुझं, पर येकदा ऊठ!’ म्या त्याच्या मागंच हुबा, डोस्क्यात पेंढा. म्हनलं, ‘उठलोय. बांधाचं काय म्हनलास, पुन्यांदा म्हन.’”

“मग?”

“मग काय. गळ्यात पडला. त्या दिसापासनं आमी एका ताटात जेवतो. आपल्या मरणाचं रडणं आपल्याच कानानं ऐकलं रे म्या. असं कुणाला घडतं? पोरानं मिशी काढली म्हणून घडलं.”

मी विचारलं, “आबा, मग हे पोराला का न्हाई सांगितलं?”

“पाहुण्यांदेखत हाकललं त्याला. आता कुठल्या तोंडानं म्हनू, तुझं बरूबर हुतं?” तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. “आन् त्यो बी आला न्हाई की पुन्यांदा.”

“तुमीच येऊ नगंस म्हणालात.”

“म्हनायचंच असतं तसं!”

मी भोरला आलो आणि आठवड्यात प्रकरण लिहून काढलं. मास्तरांना दाखवलं नाही. ज्याच्या तोंडचं, त्यानं आधी ऐकायचं, हा माझा नियम तेव्हापासूनचा. पुढं मी एका पैलवानाचं आणि ग्रामोफोनवर गाजलेल्या एका बाईंचं चरित्र लिहिलं, तेव्हाही तो मोडला नाही. परत पासलीला गेलो आणि ओट्यावर बसून वाचायला लागलो. म्हाताऱ्यानं थोडं ऐकलं आणि हात वर केला.

“थांब. तुझा आवाज लई चिरका हाय. असं ऐकून काय कळत न्हाई मला. आवाजाचा माणूस धाड कुणीतरी.”

“आवाजाचा कोण?”

“असंल की तुमच्या नाटकात येखादा.” हे म्हणताना तो माझ्याकडं बघत नव्हता, कोंबड्या हाकत होता.

मी तसाच उलटा फिरलो. पाय दुखत होते, पण त्या दिवशी कुणी मला मोटारीत बसवलं असतं तरी मी पळतच गेलो असतो.

मास्तरांना निरोप सांगितला. ते आधी हसले, मग आरसा घेऊन मिशी नीट करायला लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. पासली जवळ आली तसे ते बांधावरून पुढं झाले, आणि मी मागून ते पाऊल बघत चाललो.

ओट्यावर दोघं भाऊ बसले होते. धाकट्यानं विचारलं, “हा मिशीवाला कोण?”

“आवाज ऐकू दे, मग कळंल,” म्हातारा म्हणाला.

मास्तर पाया पडले. म्हाताऱ्यानं हात डोक्यावर ठेवला नाही, पण पायही मागं घेतले नाहीत. “बस. वाच,” एवढंच.

मास्तरांनी वाचायला घेतलं. माझीच वाक्यं, तिसरी शिकलेल्या माणसाची. पण त्या गळ्यातून ती अशी आली की घरातल्या बायका उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. बापाच्या मनातलं त्यांना तिथंच, वाचता वाचता कळत होतं. भाऊ रडत येतो तिथं ते अडकले. पुढचं वाचवेना.

तेवढ्यात धाकटा उसळला. “खोटं हाय! म्या बांध म्हनलो, समदं शेत न्हाई म्हनलो.”

“म्हनलास,” म्हातारा म्हणाला.

“न्हाई म्हनलो. आन् येवडा रडलो बी न्हाई. लिवणाऱ्या, ते खोड.”

“खोडू नगंस. खोडलंस तर विळा घेतो.” मग मुलाकडं वळून, डोळे पुसत बसलेल्या त्या मोठ्या नटाला तो म्हणाला, “आन् तू रं, रडतोस काय? हितं तिकीट काढून कुणी बसलं न्हाई. पुढं वाच.”

मास्तरांनी पुढं वाचलं. मला ते प्रकरण बदलायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी बदललं नसतं. पुस्तक निघालं, लोकांनी नावाजलं, कचेरीतल्या कारकुनांनीसुद्धा विकत घेतलं. पण मला विचाराल तर माझं पुस्तक त्या ओट्यावरच निघालं होतं. त्या तीन माणसांनी मला आपल्या घरातलं दुखणं दिलं, आणि मी ते नीट पोचवतो की नाही हे तपासायलाही तेच बसले. एवढा विश्वास मला दुसऱ्या कुणी दाखवला नाही.

त्या दिवशी मी एकटाच परत निघालो. मास्तर सोबत येतील म्हणून वाट बघत होतो. पण म्हाताऱ्यानं आतूनच सांगितलं, “त्यो न्हाई येत. झोडणीला माणूस कमी हाय.”

मागं वळून बघितलं तेव्हा मास्तर सदरा काढून खळ्याकडं चालले होते.