रविवारची चिलीम

बळीराम सुखदेवे नागपूरच्या सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं पट्टेवाला होता. पण बाबा, तुला येतं तरी काय, असं कुणी विचारलं असतं तर त्यानं कचेरीचं नाव काढलं नसतं. ‘मले चिलीम येते,’ असं म्हणाला असता, आणि त्यात तसूभरही बढाई नव्हती.

चिलीम ओढणारे पायलीला पन्नास मिळतील. तिची निगा राखणारा हजारात एक. कोरी चिलीम म्हणजे नुसती भाजलेली माती, तिचा पहिला दम मातीचाच लागतो आणि घसा खरवडून निघतो. ती पिकवावी लागते. रात्रभर पाण्यात ठेवायची, सावलीत वाळवायची, मग महिनाभर रोज चिमूटभर तंबाखू मंद निखाऱ्यावर जाळायचा. ओढून झाली की जुन्या लुगड्याची पट्टी आतून ओवायची, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, दुसरं हातात ताणून धरायचं आणि पट्टीवर चिलीम खालीवर फिरवायची, आतली काजळी निघेपर्यंत. साबण लावायचा नाही, राख लावायची नाही. तंबाखू घशात येऊ नये म्हणून आत बसवायचा खडा नदीतलाच हवा, गुळगुळीत. आणि तोंडाशी गुंडाळायचं ते ओलं फडकं, म्हणजे छापी, ज्याची त्याची वेगळी. तोंड चिलमीला लागत नाही, छापीला लागतं. हे शेवटचं बळीराम फार ठासून सांगायचा. का, ते पुढे येईलच.

महिनाभर अशी सांभाळलेली चिलीम आतून तुळतुळीत काळी होते आणि धुराला गुळासारखी गोडी येते. एवढं सगळं येणाऱ्या या माणसाला अकरा वर्षं दर रविवारी कोऱ्या मातीचा धूर गिळावा लागला, आणि त्यानं तो आनंदानं गिळला.

कचेरीत मधुसूदनपंत देशकर हेडक्लार्क होते. भोसल्यांच्या काळात नागपुरात येऊन राहिलेलं घराणं, दोन पिढ्या कारकुनीत मुरलेलं. तरुणपणी मोजणीच्या कामावर खेड्यापाड्यांत तंबू ठोकून राहताना पंतांना चिलमीची सवय लागली. चौसष्ट साली ते रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी सगळ्या कचेरीदेखत बळीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘बळीराम, डॉक्टरांनी आता आठवड्यातून एकदाच ओढायची परवानगी दिली आहे. दर रविवारी संध्याकाळी धरमपेठला यायचं. चिलीम तू आणायची, तंबाखू माझा. एकाच चिलमीनं ओढू.’’

छप्पन साली बळीरामनं इतर लाखोंसारखीच दीक्षा घेतली होती. घरातले जुने देव त्यानं स्वतःच्या हातानं उचलले होते. पण माणसाच्या मनातलं सगळंच काही एका दिवसात उचललं जात नाही. बामणानं ओढलेली चिलीम आपल्या हातात येणार, तीही धरमपेठच्या भर रस्त्यावर, या विचारानं त्याची छाती वीतभर फुगली. त्याचं इंदोऱ्यातलं घर शहराच्या उत्तरेला, धरमपेठ पार दुसऱ्या टोकाला. तो सायकल हाणत जायचा.

पंतांच्या व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या होत्या, अगदी सारख्या. त्या खुर्च्यांनीच बळीरामला जिंकलं. तो चिलीम भरायचा, निखारा ठेवायचा, पंत आपली छापी लावून तीन-चार दम घ्यायचे आणि चिलीम त्याच्या हाती द्यायचे. मग बळीराम स्वतःची छापी गुंडाळून ओढायचा, अगदी राख होईस्तोवर. रस्त्यानं जाणारे थबकायचे. पंत त्यांना हाक मारून सांगायचे, ‘‘हा आमचा बळीराम. आम्ही एका चिलमीचे!’’ लोक मान डोलवायचे. पंतांचं नाव झालं. वाचनालयात, गणेशोत्सवात, जिथं कुठं समतेवर बोलायला माणूस हवा असे तिथं पंतांना बोलावणं यायचं आणि तिथं ते या चिलमीचा विषय हटकून काढायचे.

फक्त एक होतं. पुढच्या रविवारी गेलं की तिथं ठेवलेली मागची चिलीम फुटलेली असायची. कधी मांजरानं पाडली, कधी मोलकरणीचा धक्का लागला, कधी नातवाचा चेंडू. ‘‘अरे, मातीचीच ती!’’ पंत हसायचे. बळीराम खिशातून नवी काढायचा.

त्याला खरोखर वाईट वाटायचं ते पंतांचं. एवढ्या मोठ्या माणसाला पिकलेल्या चिलमीचा एक दमही आपण देऊ शकलो नाही, ही त्याची टोचणी. म्हणून त्यानं उपाय केले. चिलमीच्या गळ्याला तांब्याची तार गुंडाळली. काथ्याचं शिंकाळं विणून दिलं. सुताराकडून भोक पाडलेली लाकडी बैठक करून आणली. बैठक टिकली, शिंकाळं टिकलं, चिलीम मात्र फुटायचीच.

त्याचा मुलगा वसंत हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होता. त्याला रविवारची ही सायकलफेरी मुळीच खपत नव्हती.

‘‘बाबा, अकरा वर्षं झाले. त्यायनं तुमाले कधी घरात बोलावलं काय? कपभर चहा तरी पाजला?’’

‘‘एका चिलमीनं ओढतेत गा ते माह्यासंग! चहाचं काय घेऊन बसला तू?’’

‘‘वरून कीर्तन अन् आतून तमाशा हाय तो.’’

बळीरामनं त्या दिवशी जेवणाचं ताट बाजूला सारलं. दोन महिने बापलेक एकमेकांशी धड बोलले नाहीत. सुमती, वसंतची बायको, दोघांना वेगवेगळं वाढायची. पंतांसाठी त्यानं पोटच्या पोराशी वाकडं घेतलं, हे लक्षात ठेवा.

पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात एका रविवारी पंतांनी पुन्हा ‘फुटली रे’ म्हटलं, तेव्हा बळीरामचा राग उसळला, पण पंतांवर नाही. कुंभारणीवर. मागच्या अंगणात नळावर हात धुताना त्याला पेरूच्या झाडाखाली त्याच चिलमीचे तुकडे दिसले. तांब्याची तारही तिथंच होती. त्यानं ते रुमालात बांधले आणि दुसऱ्या दिवशी कुंभारटोलीत इंदूबाईच्या पुढ्यात नेऊन आपटले.

‘‘काय माती वापरून राहिली वं आजकाल? आठ दिवस टिकत नाही तुही चिलीम!’’

इंदूबाई साठीची, सडेतोड बाई. तिनं तुकडे मांडीवर घेतले आणि एकाला एक जुळवत गेली. चिलीम पुन्हा उभी झाली, फक्त पोटाशी भोक राहिलं.

‘‘हे पाय बळीरामभाऊ. चिलीम हातातून पडली तं काठ उडते, नाई तं दांडी तुटते. इचा काठ साबूत हाय, दांडी साबूत हाय. पोटातच घाव बसला. आडवी ठेवून वरून दगड घातला इच्यावर.’’ ती थांबली. ‘‘माही माती फुटली नाही गा. फोडली.’’

‘‘कोन फोडन? काहून?’’

‘‘आता मलेच इचारतं? पितळेचं असतं तं घासून-पुसून घेतलं असतं. मातीचं बाटलं की फोडाच लागते. तुह्या आज्याच्या येळंपासून हेच चालू हाय, तुले मालूम नाही?’’

माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? बळीरामच्या आजीनं उभ्या जन्मात शंभर गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांतली ही एक. अकरा वर्षांत पाचशेवर चिलमी फुटल्या आणि या शहाण्याला संशय आला नाही, असं कुणी सांगितलं तर माझा तरी विश्वास बसणार नाही. त्यानं डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. आणि आता ते फाटल्यावरही त्यानं त्याला एक ठिगळ लावलं. हे पंतांचं काम नाही, त्यानं स्वतःला सांगितलं. घरातल्या बायांचं असेल. पंतांची सून अरुंधती कधी त्याच्याशी बोलत नव्हती, समोर आली की तोंड फिरवून जायची. तीच ती.

मग त्यानं एक ठरवलं. इंदूबाईकडून एक चिलीम निवडून घेतली आणि इंदोऱ्याच्या घरी रोज संध्याकाळी ओसरीवर बसून महिनाभर पिकवली. एवढ्या मायेनं त्यानं आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. तेवढ्या चार रविवारी पंतांकडे नेहमीसारखी कोरी नेली आणि गप्प राहिला. महिन्यानं ही चिलीम जांभळासारखी चमकायला लागली.

पाचव्या रविवारी तो तासभर लवकर धरमपेठला पोचला आणि मागच्या दारी गेला. अरुंधती वाळलेले कपडे काढत होती.

‘‘बाईसायेब,’’ बळीराम हात जोडून म्हणाला, ‘‘एक इनंती हाय. ही चिलीम मी सायेबांसाठी महिनाभर पिकवली. एवढी तरी फोडू नोका.’’

अरुंधतीच्या हातातला कपडा तसाच राहिला. ती शाळेत शिकवायची, स्वर तिचा मुळातच करडा होता.

‘‘मी? मी कशाला फोडू? मला असलं काही कळतही नाही आणि मान्यही नाही.’’ मग तिनं व्हरांड्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘मामंजीच फोडतात. तुम्ही फाटकाबाहेर गेलात की लगेच. मग आंघोळ करतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटते हो.’’

बळीरामनं चिलीम खिशात ठेवली. मग घराला वळसा घालून व्हरांड्यात आला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला.

पंत आले. चिलीम बघून खूश झाले. ‘‘अरे वा! ही तर तयार दिसते!’’ बळीरामनं भरली, निखारा ठेवला. पंतांनी पहिला दम घेतला आणि डोळे मिटले. ‘‘वा, बळीराम! याला म्हणतात चिलीम. अमृत आहे, अमृत.’’ चार दमांच्या जागी आठ घेतले. मग त्याच्या हाती दिली.

बळीरामनं आपली छापी बांधली. एकच दम घेतला, छापी सोडली आणि चिलीम पंतांपुढे धरली.

‘‘घ्या सायेब. अजून लय तंबाखू हाय.’’

पंतांनी हात पुढे केला आणि मध्येच गुडघ्यावर ठेवला. ‘‘नको. तू ओढ.’’

‘‘अमृत म्हनले ना तुमी. एक दम घ्या. तुमची छापी लावून घ्या.’’

‘‘खोकला आहे रे आज.’’

‘‘एक दम, सायेब.’’

अकरा वर्षांत चिलीम पंतांकडून त्याच्याकडे आली होती. त्याच्याकडून पंतांकडे एकदाही गेली नव्हती. हे त्याला हात पुढे केल्यावर कळलं आणि हात मागे घेता येईना. पंत रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी नमस्कार केला, पंतांनी हसून परत केला. निखाऱ्यावर राख चढली, मग तो विझला. तेव्हा बळीराम उठला. चिलीम झाडून त्यानं खिशात घातली.

‘‘ठेव की इथं,’’ पंत म्हणाले.

‘‘नाही सायेब. तुमाले कशाले तरास? घरी फोडतो.’’

पंतांचा चेहरा उतरला. बळीराम सायकल हातात धरून सीताबर्डीपर्यंत चालत आला. बसायचं त्याला सुचलंच नाही.

घरी वसंतनं विचारलं, ‘‘आज लवकर आले, बाबा?’’

‘‘सायेबाले खोकला झाला,’’ बळीराम म्हणाला. पोरगं खरं ठरलं हे कबूल करणं त्याला त्या दिवशी जमलं नाही, पुढेही जमलं नाही. ती चिलीम त्यानं फोडली नाही आणि ओढलीही नाही. एका भंगारवाल्याला लोखंडासोबत देऊन टाकली. भंगारवाला म्हणाला, मातीचं काय करू? बळीराम म्हणाला, रस्त्यात टाक. त्यानंतर तो विडी ओढू लागला. विडी एकट्याची असते.

तो पुन्हा धरमपेठला गेला नाही. पंतांनी एकदा निरोप धाडला, मग तेही गप्प झाले. लोकांना सांगायचे, बळीराम आता थकला, सायकल झेपत नाही. चिलमीची गोष्ट मात्र त्यांनी भाषणांतून काढली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली पंत वारले. शोकसभेचं बोलावणं आलं तेव्हा वसंत म्हणाला, नका जाऊ. बळीराम गेला. हॉल भरलेला होता. एकामागून एक वक्ते उठले आणि प्रत्येकानं ती चिलीम काढली. शेवटी अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं की ते बळीरामच आज इथं आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावे. पाचशे डोकी वळली. बळीराम काठी टेकत माइकपर्यंत गेला.

‘‘सायेब मोठे मानूस होते,’’ तो म्हणाला. ‘‘मी एकच सांगतो. आधी सायेब ओढत, मंग मी. अकरा वर्षांत कधी आधी मी अन् मंग सायेब, असं झालं नाही. एकडाव मी देऊन पाह्यली. त्यायनं घेतली नाही.’’

पहिल्या रांगेत अरुंधतीनं पदर तोंडाशी धरला. मग अध्यक्ष गहिवरल्या आवाजात म्हणाले, ‘‘बघा, ही जुनी माणसं! मैत्रीतही मर्यादा सांभाळणारी!’’ आणि लोकांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंत पेपर घेऊन आला. बापाला वाचता येत नव्हतं असं नाही, पण मोतीबिंदूनं अक्षरं फुटायची. वसंत मोठ्यानं वाचू लागला, ‘‘पंतांच्या एकनिष्ठ सेवकालाही या प्रसंगी...’’ आणि थांबला.

‘‘वाच ना,’’ बळीराम म्हणाला. ‘‘काहून थांबला?’’

‘‘तुमचं नाव नाही दिलं, बाबा.’’

बळीरामनं विडी पेटवली आणि पुढचं वाचायला सांगितलं.